शेखर यायच्या आत

"लगेच थुंकू नका, बाबा. जिभेवर फिरवा आधी," ज्योत्स्ना म्हणाली.

खंडेरावांनी डोळे मिटून घोट तोंडात घोळवला आणि मग स्टीलच्या वाटीत थुंकला.

"काय लागलं?"

"कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं. जीभ ओढली गेली."

"बरोबर! त्यालाच टॅनिन म्हणतात. ही वाइन बोर्दोची. फ्रान्सची."

खंडेरावांनी वहीत लिहून घेतलं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. कोळशाच्या धुळीने नाक निम्मं गेलेलं. त्यात माळकरी. दर रविवारी सकाळी ते गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठेवत, सुनेसमोर टेबलाशी बसत आणि धडा संपला की चूळ भरून माळ परत घालत.

गंगापूर रोडच्या त्या इमारतीत सगळ्यांना याचं नवल वाटे. याच खंडेरावांनी मुलाशी, शेखरशी, बोलणं टाकलं होतं. शेखर दिंडोरीजवळच्या वायनरीत नोकरीला लागला तेव्हा ते म्हणाले होते, "दारू गाळायला शिकवलं का तुला मी?" पुढे २००५ च्या उन्हाळ्यात तो वाइनचंच शिक्षण घ्यायला फ्रान्सला निघाला, तेव्हाही ते खोलीतून बाहेर आले नाहीत. शेखर बंद दाराला नमस्कार करून गेला.

आणि दिवाळी झाल्यावर तेच खंडेराव एक कोरी वही घेऊन सुनेपुढे उभे राहिले.

"शेखर यायच्या आत मला हे सगळं शिकव. त्याच्याशी बोलायला चार शब्द तरी हवेत माझ्यापाशी."

ज्योत्स्नाने शेखरच्या कपाटातून त्याचे ग्लास आणि टिपणं काढली.

बाटल्या शेखरचा मित्र मनोज आणून देई. फ्रान्स झालं, इटली झालं. स्पेनची नावं खंडेरावांच्या तोंडात काही केल्या बसेनात. जर्मनीची एक जुनी रिस्लिंग वाइन हुंगून ते म्हणाले, "हिला रॉकेलचा वास येतोय गं."

ज्योत्स्ना खळखळून हसली. "अहो बाबा, टिपणात हेच लिहिलंय! शेखरला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही त्याचा."

"सांगू की. आला की सांगू."

त्या दिवशी दोघं पोटभर जेवली. ज्योत्स्नाने आग्रह केला म्हणून खंडेरावांनी आणखी अर्धी भाकरी घेतली, आणि त्यांनी घेतली म्हणून तिनेही.

शेजारच्या वत्सलाबाई वाटीभर लोणचं द्यायला आल्या होत्या. दारातूनच ते हसणं ऐकून त्या आल्या पावली परत गेल्या.

पुढच्या रविवारी धडा संपवून खंडेराव दूध आणायला निघाले. वत्सलाबाईंनी त्यांना खाली फाटकापाशी गाठलं.

"भाऊ, किती दिवस चालायचं हे?"

खंडेरावांनी दुधाची किटली खाली ठेवली.

"तिकडे शेखरला अपघात झाला, इकडे त्याची पेटी आली. ती पेटी तिला कुणी उघडून दाखवली नाही. अग्नी मी दिला, वत्सलाबाई. तिने काहीच पाहिलं नाही. दिवाळीच्या पाडव्याला तिने शेखरचं ताट वाढलं. मी काय बोलणार? म्हणालो, झाकून ठेव, येईल तो."

"अरे देवा!"

"ती अजून वाट बघते. शिकवते तेवढा वेळ हसते, दोन घास खाते. म्हणून शिकतो. नाहीतर माझ्यासारख्याला काय करायचंय बोर्दो नि फिर्दो? तुम्ही तिच्यापाशी काही बोलू नका."

वत्सलाबाई पदराने डोळे टिपत जिना चढल्या. ज्योत्स्नाचं दार उघडंच होतं. ती ग्लास पुसत होती. त्यांना बघून तिने आधी जिन्यात डोकावून पाहिलं.

"बाबा खालीच आहेत ना, काकू?"

"दूध आणायला गेलेत."

ज्योत्स्नाने आवाज खाली आणला. "मग एक सांगते. पाडव्याला सवयीने माझ्याकडून एक ताट जास्त वाढलं गेलं. उचलायला गेले, तर बाबा म्हणाले, झाकून ठेव, येईल तो. तेव्हा मला कळलं, शेखर गेला हे त्यांनी अजून मानलेलंच नाही. म्हणून मीही तो येणार असंच बोलते. शिकायच्या नादात जेवतात तरी. काकू, तुम्ही त्यांना खरं सांगू नका हं."