तक्रार समिती

धम्मशीला मलकापूरच्या एका दालमिलमध्ये बिलं करायची. ऑफिसात ती एकटीच बाई. मॅनेजरने दुसऱ्यांदा तिचा हात धरला, तेव्हा ती सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेली.

इंद्रभानशेठनी खाली मान घालून सगळं ऐकलं. "पोरी, असं तोंडी चालत नाही. कायद्यानं समिती लागते. आपल्या मिलची हाय. तिच्या अध्यक्षाच्या नावानं अर्ज दे."

"समिती? मले तं कधी दिसली नाही."

"मागच्या साली तपासणी होती, तवा वकिलानं कागदावर केली." त्यांनी कपाटातून फाईल काढून तिच्यापुढे सरकवली. "मी तरी काय करू? सारी मिल मॅनेजरच सांभाळते. तो गेला तं मिलले कुलूप लागन."

धम्मशीलाने फाईल उघडली. अध्यक्ष म्हणून तिचंच नाव होतं आणि खाली तिचीच सही. मागच्या वर्षी नोकरीवर घेताना सात-आठ कागदांवर तिच्या सह्या घेतल्या होत्या, त्यातलाच हा एक असणार.

जागेवर येऊन तिने कोरा कागद घेतला, 'प्रति, अध्यक्ष' असं लिहिलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

थोड्या वेळाने मॅनेजर आला. तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "शेठनं सांगतलं, तक्रार आली म्हणून. मी बी मेंबर हाव त्या समितीचा. मंग मॅडम, मीटिंग कधी ठेवाची?"