पाचची हाळी

पाच वाजले नि पेटीनं पुन्हा गळा काढला. आधी शिट्टी, मग खरखर, मग लाल दिवा. मिनिटभरानं सगळं गप्प.

"आजही मेलं!" श्रीनिवासनं कपाळावर हात मारून घेतला.

वाळूजच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर आणायचा हट्ट त्याचाच. रोज पाचला पुण्याच्या मुख्य ऑफिसातल्या मशीननं फोन लावायचा, इथल्या मॉडेमनं, म्हणजे ह्या पेटीनं, तो उचलायचा आणि दिवसाचा अहवाल तारेवरून पाठवायचा. घंटीची कटकट नको म्हणून त्यानं फोनचा आवाजही बंद करून टाकला होता. पहिला पंधरवडा बिनबोभाट गेला. गेल्या आठ दिवसांत मात्र एकदाही जमलं नव्हतं. उद्या नाही जमलं तर पेटी पुण्याला परत आणि श्रीनिवास पुन्हा स्टोअरमध्ये, असं मोठ्या साहेबांनी सुनावलं होतं.

पुणेवाले म्हणत, "तुमची लाइन बिझी लागते." हा म्हणे, "अहो, इथं मशीन उचलतंय, तुमच्याकडूनच उत्तर येत नाही!" दोघंही आपापल्या जागी ठाम.

दारात केरबा वॉचमन उभा होता. रोज पाचला तो चहा आणायचा आणि कप रिकामा झाला तरी हलायचा नाही. 'खाजगी फोन घेऊ नयेत' ह्या पाटीखाली उभा राहून टेबलाकडं बघत राहायचा. ह्या वयात शिकायची केवढी हौस, श्रीनिवासला कौतुक वाटायचं.

"हे पाचलाच का बोंबलतं, साहेब?"

"समोरच्याला विचारतं, मामा. कोण आहेस, ऐकतोस का? तो हो म्हणाला की हे म्हणतं, बरं, ऐक मग. त्याशिवाय एक अक्षर पाठवायचं नाही. ह्यालाच प्रोटोकॉल म्हणतात."

केरबा हसला. "मंग आमी मेंढरांमागं दुसरं काय करत व्हतो? ह्या टेकाडावरून हाळी द्यायची. तिकडून ओ आला की आपुन पुन्हा ओ द्यायचा, मंगच निरोप. आन् निरोप पोचला म्हून शेवटाला त्यानं ओ द्यायचा."

"अरे वा! आणि ओ आलाच नाही तर? आमचं मशीन जरा वाट बघतं नि सोडून देतं."

"सोडून?" केरबाला ते काही पटलं नाही. "आमच्यात ओ येईस्तोवर हाळी देत्यात. आज नाय तर उद्या."

एवढं बोलून त्याचा चेहरा पडला. त्याची लेक गीता बाळंतपणाला त्याच्या गावी, पाचोडला आली होती. पहिलटकरीण, त्यात अंगात रक्त कमी, नि दिवस भरून गेलेले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली, वातावरण तापलं आणि तिकडच्या एसट्या थांबल्या. ह्याला जाता येईना, तिकडून कुणी येईना.

"पोरीचं काय झालं आसंल? घास उतरत नाय, साहेब."

श्रीनिवासला गलबलून आलं. "सगळं नीट होईल, मामा," तो म्हणाला खरा, पण त्याचं अर्धं मन पेटीतच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं वायर बदलली, सॉकेट घासूनपुसून काढलं. उरली एकच गोष्ट. पुण्याचं मशीन शिट्टी तरी देतं का, हे स्वतःच्या कानानं ऐकायचं. पाचला दोन मिनिटं असताना त्यानं पेटी काढून ठेवली आणि फोनच्या घंटीचा खटका वर केला.

बरोब्बर पाचला फोन खणाणला. केरबा कपबशी घेऊन तसाच टेबलाजवळ सरकला. श्रीनिवासनं घाईघाईनं रिसीव्हर कानाला लावला.

"आगं बया, आज माणूस घावलं!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "आठ दिस झाले, कुनी उचलतंय नि नुसतं किंचाळतंय! मी बानाबाई, पाचोडहून. आमचे मालक पाचला चहा घिऊन तिथंच आसत्यात. त्यास्नी सांगा, गीता बाळंत झाली, नात आठ दिसाची झाली, दोघी खुशाल हायेत. पोचला का निरोप? मंग ओ द्या की!"