तिसरा रिसीव्हर

अच्युतरावांचा चहा आणि वर्तमानपत्र आटोपल्यावर दुकानदार मेहेंदळ्यांनी त्यांच्या दिवाणखान्यात आधीचे दोन नापसंत झाल्यावर चाचणीसाठी स्पीकरना ताकद पुरवणारा तिसरा रिसीव्हर जोडला. “काका, तुमचे स्पीकर खादाड आहेत, पण हा त्यांना उपाशी ठेवणार नाही.”

ध्वनिमुद्रिका सुरू झाली. गायिकेचा स्वर खोलीभर पसरला, पण तंबोऱ्याची बारीक जवारी, तारांची ती झणझण, अच्युतरावांना सापडेना. “यालाही ताकद कमी पडते. आवाज वाढवा.”

“आता या दणदणाटाने खालच्या मजल्यावरच्यांच्या पोळ्या तव्याशिवाय फुगतील,” स्वयंपाकघरातून पत्नी ओरडली.

“अजून वाढवा,” म्हणत त्यांनी डोळे मिटले. जवारी आलीच नाही. डोळे उघडले, तेव्हा दारात आलेल्या पत्नीने कानांवर हात घट्ट दाबले होते आणि मेहेंदळे कसनुसे हसत होते.

अच्युतरावांनी स्वतःच आवाज बंद केला. “तुम्हाला जवारी ऐकू येत होती?”

“पहिल्या रिसीव्हरवरही येत होती, काका,” मेहेंदळे संकोचून म्हणाले.

“मग हा परत न्या. माझा जुनाच पुरेल.”

मेहेंदळे गेल्यावर अच्युतरावांनी कानाच्या डॉक्टरांकडे फोन लावला. पलीकडून कोणीतरी तपासणीची वेळ सांगत होते. त्यांनी क्षणभर ऐकायचा प्रयत्न केला आणि फोन पत्नीच्या हातात दिला.