टबाचं विरजण

दिवाळीच्या साफसफाईत कुमुदताईंनी टबाचा हीटर ब्लीचिंगने खसखसून घासला, आणि पाणी तापवणारे त्यातले जिवाणू सगळे मेले. त्यांच्या यजमानांचे, अण्णांचे, गुडघे त्या ऊन पाण्याशिवाय वाकत नसत. अण्णा एवढंच म्हणाले, "चकाचक मात्र झालाय."

मेकॅनिकने नवा हीटर बसवला, पण त्यातले जिवाणू या जुन्या टबात काही रुजेनात. "कुणाच्या तरी चालू टबातलं विरजण आणा," तो म्हणाला.

कुमुदताई वाटी घेऊन शेजारच्या शर्मिष्ठेकडे निघाल्या, तोवर दिवेलागण झाली. तिन्हीसांजेला विरजण देऊ नये, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्या तिच्या दारातच घुटमळल्या.

हीटरचं ऐकताच शर्मिष्ठेने आपल्या टबातलं विरजण वाटीभर आणून दिलं.

"अगं, पण आत्ता कसं देतेस?"

"देत कुठे आहे, काकू? परत करतेय. मी लग्न होऊन आले, तेव्हा तुम्हीच नाही का तुमच्या विरजणाने माझा टब लावून दिलात?"

सकाळी टबातून वाफ येत होती. अण्णांनी पाय आत सोडले आणि डोळे मिटले.

वाटीच्या तळाशी थोडं विरजण उरलं होतं. कुमुदताईंनी ती वाटी न धुताच झाकून ठेवली.