तैवानची काळजी

"नाना, आज कितला जहाज शेतस?"

प्रमिलाबाईंनी दारात चपला काढायच्या आधीच विचारलं. अभिमन नानांनी टीव्हीचा आवाज कमी केला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून नानांनी साऱ्या जगाचा कारभार हाती घेतला होता. चीन तैवानवर हल्ला करणार की नाही, हे एरंडोलच्या त्या गल्लीत त्यांच्याशिवाय कुणाला कळत नव्हतं.

"पंचेचाळीस," नाना म्हणाले. टीव्हीवर आकडा साठच्या वर होता.

"काल ते पन्नास सांगात तुम्ही."

"कमी होताहेत अक्का. गर्जेल तो पडेल काय! काळजी सोडा."

प्रमिलाबाई उंबऱ्यातच मटकन बसल्या. त्यांची एकुलती एक लेक हेमांगी तैवानात चिपच्या कारखान्यात होती. तीन वर्षांचा करार, त्यातलं दीड सरलेलं. इकडे तिचे वडील कौतिक आबा अंथरुणाला खिळलेले. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिस, आणि ते सगळं हेमांगीच्या पगारावर. परवाच डॉक्टरांनी प्रमिलाबाईंना बाहेर बोलावून सांगितलं होतं, पंधरा दिवस काढले तरी पुष्कळ. आबा शुद्धीवर आले की लेक आली का, एवढंच विचारत, "हेमा उनी का?"

देवानं एका बाईच्या पदरात किती टाकावं, याला काही माप? नानांना फार वाईट वाटे. म्हणून तर ते जहाजं कमी करून सांगत.

"आणि तसं काही झालंच," ते म्हणाले, "तर कंपनी पोरींना तिथं ठेवेल का? मागच्या साली नुसती कुणकुण लागली, तर सगळ्यांना भरपगारी घरी धाडलं होतं."

"अकरा दिन व्हती घर," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या.

संध्याकाळी हेमांगीचा फोन आला.

"आई, इथं काही होत नाही गं. बाजार सुरू आहे, लोक मजेत फिरताहेत. तू त्या नानांकडे जाऊन टीव्ही बघत जाऊ नकोस."

"रजा भेटनी का?"

"नाही म्हणाले. आणि सोडून आले तर आबांचं डायलिसिस कसं करायचं?"

आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

गुरुवारी सकाळी नाना पेढ्यांचा पुडा घेऊन गल्ली ओलांडत आले.

"टळलं, अक्का! जहाजं माघारी फिरली!"

प्रमिलाबाईंनी दाराची चौकट धरली आणि हंबरडाच फोडला. सारी गल्ली गोळा झाली. शेजारच्या बेबाबाईंनी त्यांना पोटाशी धरलं, "रडू दे तिले. मायनं काळीज शे." नानांनाही डोळे पुसावे लागले. पेढा मात्र प्रमिलाबाईंनी हातात घेतला नाही.

दुपारी त्या स्वतःच नानांकडे आल्या.

"नाना, माले पद्मालयले लई चला."

"नवस फेडायचा ना? चला की."

"बोलना शे."

आता आणखी कसला नवस, असं नानांच्या मनात आलं. पण चीनचा भरवसा तो काय? आज गेला, उद्या परत येईल. बाईचं चुकत नव्हतं. बेबाबाईंना आबांजवळ बसवून त्यांनी रिक्षा केली.

पद्मालयाला गाभाऱ्यात गणपतीच्या दोन मूर्ती शेजारी शेजारी आहेत. दुपारची वेळ, देवळात गर्दी नव्हती.

"एकाला तुम्ही सांगा अक्का, एकाला मी सांगतो," नाना म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि पोटतिडकीनं मागितलं, ती जहाजं पुन्हा तैवानकडे फिरकू देऊ नकोस, आमच्या हेमांगीच्या केसालाही धक्का लागू देऊ नकोस. डोळे उघडले तेव्हा शेजारी प्रमिलाबाई पदर पसरून दुसऱ्या गणपतीसमोर बसल्या होत्या. उठायला आधार द्यावा म्हणून नाना खाली वाकले, आणि त्यांच्या कानावर शब्द आले.

"यासना जीव शे तोवर लढाई सुरू होवू दे, देवा."