सतरा नंबर

ओडेलनं चौदा नंबरची रेकॉर्ड अंदाजानं लावली. अंदाज बरोबर निघाला, तसा तो आणखीच घाबरला. एकदा देवानं सांभाळलं, पुढे तासभर कोण सांभाळणार?

भर दुपार होती. सरोवराकाठच्या मैदानात शहराच्या दक्षिण भागातली, साउथ साइडची, निम्मी माणसं उतरली होती. हाउस संगीतावर रात्र रात्र नाचलेल्या जुन्या हाउसवाल्यांची ही वर्षाची सहल. निखाऱ्यांवर डुकराच्या बरगड्या भाजत होत्या, आणि साठी उलटलेली माणसं गुडघ्यांना पट्टे बांधून नाचायला सज्ज होती. रेकॉर्ड लावायचा बारा ते एक हा तास ओडेलचा. गेली सव्वीस वर्षं त्याचाच.

त्याच्या पेटीत साठ रेकॉर्ड होत्या आणि एकीवरही नाव नव्हतं. तरुणपणी त्यानं त्या टबात भिजवून सगळी लेबलं सोलून काढली होती आणि वर पांढरा कागद चिकटवून नुसता आकडा टाकला होता. कुणी नाव वाचून तीच रेकॉर्ड दुकानातून उचलू नये म्हणून! तेव्हा बरेचजण असं करायचे, ओडेलनं जरा जास्तच मनावर घेतलं. नवी रेकॉर्ड आणली तरी तिची तीच गत. कुठल्या आकड्याखाली काय आहे ते फक्त त्याच्या डोक्यात. आणि मार्च महिन्यात डोक्यातलीच एक रक्तवाहिनी बंद पडली. हात वाचले, जीभ वाचली. आकडे गेले.

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. "सगळं आठवतंय ना रे?" असं व्हर्लीननं सकाळीच विचारलं होतं. "तुझा वाढदिवस सोडून सगळं," तो म्हणाला. ती हसली आणि बटाट्याचं सॅलड डब्यात भरायला लागली.

आज चुकलो तर कुणी शिव्या देणार नाही, हीच त्याला भीती होती. लोक पाठ थोपटतील, थंडगार लिंबूपाणी आणून देतील, आणि पुढच्या वर्षी सावलीतल्या खुर्चीत बसवतील. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

चौदा संपत आली. त्यानं एकतीस काढली, सुई टेकवून हेडफोनमध्ये ऐकली. भलताच संथ ठेका. परत ठेवली. मग आठ काढली. तीही नव्हे. बोटं घामानं चिकट झाली.

"सतरा," कुणीतरी पुटपुटलं.

क्लिओथा. आणखी कोण असणार! मंचाच्या कठड्याला टेकून, मान लांब करून, नेहमीच्या जागी. चाळीस वर्षं हा गृहस्थ असाच ओडेलच्या पेटीत डोकावत आला होता. रेकॉर्ड लावण्यात स्वतः चांगला नावाजलेला, पण त्या सतरा नंबरनं त्याची झोप उडवली होती. एकदा तर त्या गाण्याच्या नावापायी त्यानं आपली गाडी देऊ केली होती. ओडेलनं भीक घातली नव्हती.

"काय म्हणालास?"

"चौदानंतर तू सतराच लावतोस. डावीकडून चौथी. ठेका किंचित वाढव. बघतोस काय लेका, गाणं संपतंय!"

सतरा लागली. खालून बास घुमला, वर गाणाऱ्या बाईचा आवाज चढला आणि मैदानातून आरोळी उठली.

"पुढे?" त्यानं मान वर न करता विचारलं. तो एक शब्द काढताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एकवीस. मग पाच, त्यात टाळ्या सुरू झाल्या की बदल. मग गेल्या वर्षीची ती नवी, एकोणसाठ."

"तुला कसं कळलं, मला..."

"काढलेली रेकॉर्ड तू कधी न वाजवता परत ठेवत नाहीस. आज दोनदा ठेवलीस."

"आणि हे सगळे आकडे?"

"नावं देत नव्हतास. मग जे दिसत होतं तेच पाठ केलं."

पाऊण वाजला तेव्हा जोनेटा माइक घेऊन मंचावर आली. सहलीचं निवेदन तिच्याकडे. दरवर्षी ती ऐकण्याजोग्या डीप हाउस, म्हणजे खर्जातल्या हाउस संगीताच्या, गाण्यांची यादी फाटकावर लावायची.

"ओडेलकाका, पाच जुनी सांगा, पाच नवी! आणि सुरुवात त्या सतरापासून करा. गाणं ओळखणारं ॲप लावून लोकांनी फोन उंच धरून धरून हात मोडून घेतले, फोनला काही ते ओळखता येत नाही. आज सोडत नाही तुम्हाला."

माइक त्याच्या तोंडासमोर आला. माणसं नाचता नाचता थांबली. ओडेलला आज खरंच सांगायचं होतं. सगळ्यांच्या आधी क्लिओथाला सांगायचं होतं, त्याचा तेवढा हक्क होता. त्यानं गाणारीचं नाव आठवून पाहिलं. रेकॉर्ड कुठल्या दुकानातून आणली ते आठवून पाहिलं. काही म्हणजे काही आलं नाही.

"माहीत नाही," तो म्हणाला. कर्ण्यांतून ते सगळ्या मैदानभर ऐकू गेलं. "खरंच माहीत नाही मला."

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतून व्हर्लीन उठून उभी राहिली.

क्लिओथानं कठड्यावरून वाकून माइक हिसकावला. "ऐकलंत? ऐकलंत या कंजुषाचं? चाळीस वर्षं मला हेच ऐकवतोय! हा मरताना तरी सांगेल म्हणून मी जिवंत राहिलोय!"

मैदान खो खो हसत सुटलं. जोनेटानं कपाळावर हात मारला आणि "सतरा नंबर" एवढंच लिहून घेतलं. एकटी व्हर्लीन हसली नाही.

क्लिओथानं माइक जोनेटाला परत दिला, कठडा ओलांडला आणि पेटीवर वाकला.

"अठ्ठेचाळीस," तो ओडेलच्या कानाशी म्हणाला. "आणि तूही हस लेका, सगळे बघतायत."