बेटावरचा नारळ

कानिफनाथ अनवाणी पायांनी नकाशावर उभे होते. उजव्या तळहातावर शेंडीचा नारळ आडवा होता; खाली पाणी असलं की तो उभा राहतो, असं लोक मानत. मारुतीच्या पारासमोर सगळं गाव गोळा झालं होतं. घोडेगावच्या बाजाराला निघालेली शेरडं टेम्पोत तशीच खोळंबली होती, कारण ड्रायव्हरही खाली उतरून बघत होता.

नकाशा सतरंजीएवढा होता. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले होते. दूरच्या समुद्रातलं एक बेट त्यावर काढलेलं होतं. लंकाबाईंचा अमृत तिथे विमानतळाच्या कामावर मोठा इंजिनिअर होता आणि सुटीला घरी आला होता. त्याने काठीने दाखवलं. ही धावपट्टी. हे नवं बंदर. ही हॉटेलं. पर्यटक आत्ताच मावत नाहीत, पुढच्या साली दुप्पट येतील. चहूकडे समुद्र, पण प्यायचं पाणी जहाजाने आणावं लागतं.

"या बेटावर गोड्या पाण्याची एक जागा आहे," अमृत म्हणाला. "नकाशात नाही, पण मला माहीत आहे. नाना, तुमच्या नारळाला कळते का बघू."

हा डाव लंकाबाईंचा होता. गेल्या उन्हाळ्यात कानिफनाथांनी दाखवलेल्या जागी त्यांचं बोअर चारशे फूट गेलं आणि नुसता फुफाटा निघाला. तेव्हापासून पाणी बघायला कानिफनाथांना कुणी बोलावत नव्हतं. एरवी पंचक्रोशीत नव्या विहिरीला पाणी लागलं की पहिला तांब्या जागा दाखवणाऱ्या पाणाड्याला मिळायचा. चाळीस वर्षं तो त्यांनाच मिळाला होता. आज चुकले तर नारळ मारुतीपुढे फोडायचा आणि पुन्हा हातात धरायचा नाही, असं ठरलं होतं.

कानिफनाथांनी एकच अट घातली होती. नारळ त्या बेटावरचा पाहिजे.

"तिथल्या पान्याची वळख आपल्या नारळाला कशी असंल?" ते म्हणाले होते.

अट पुरी करणं अवघड नव्हतं. सत्तारभाईंचा तौसीफ त्याच बेटावर कामाला होता. ईदला आला तेव्हा त्याने आईसाठी दोन नारळ आणले होते. त्यातला एक आणायला कानिफनाथ काल स्वतः गेले आणि तिथेच रमले. दोनदा चहा झाला. इकडे घरी त्यांच्या बायकोच्या, रतनबाईंच्या भाकरी गार झाल्या.

आता ते बंदरावर आले. नारळ पडूनच राहिला. मग हॉटेलं आली. नारळ हलला नाही.

"नाना, हाटेलात आलाच हाय तर भजी सांगू का?" लंकाबाई म्हणाल्या.

लोक खदाखदा हसले. तौसीफ तेवढा हसला नाही. तो मागे उभा राहून चपलेने माती उकरत होता.

कानिफनाथांनी धावपट्टीवर पाय ठेवला. दोन पावलं गेले. नारळ थरथरला आणि ताडकन उभा राहिला.

"हितं," ते म्हणाले.

अमृतचं हसू मावळलं. "नाना, तिथे विमान उतरतं."

"उतरंना का. पानी त्याच्या आदीपासून हाय." त्यांनी डोळे मिटले. "इहीर हाय. दगडात बांधलेली. काठाला बदामाचं झाड हुतं. बाया घागरी घेऊन यायच्या. लंकाबाई, कुनीतरी भरल्या पान्यात माती लोटली बघा."

या गावात कोरडी विहीरसुद्धा बुजवत नाहीत. तिच्या काठालाही बाया हळदकुंकू वाहतात.

"अमृत, हिकडं बघ. कुनी बुजवली?" लंकाबाईंनी विचारलं.

"आई, धावपट्टी आधीच आखलेली होती. मी काय..."

"पानी हुतं?"

"होतं. माझ्या मनात होती ती जागा तीच."

"मी हितं चारशे फुटावर धूळ काढून रडले," लंकाबाई म्हणाल्या, "आन तू भरली इहीर गाडलीस?"

त्यांनी नकाशावरचा दगड पायाने उडवला. बेट सुरळी होऊन गुंडाळलं गेलं. मग त्या तरातरा घरी गेल्या, तांब्या भरून घेऊन आल्या आणि सगळ्यांदेखत कानिफनाथांच्या हातात दिला.

"घ्या नाना, पयला तुमचाच. येत्या उन्हाळ्यात बोअरची जागा तुमीच दावायची."

अमृतला मात्र त्या दिवशी घरात कुणी पाणी दिलं नाही. इंजिनिअर साहेब इस्त्रीच्या पँटीत हापशावरून दोन कळशा घेऊन येताना अख्ख्या आळीने पाहिले.

संध्याकाळी रतनबाईंनी दार लोटलं.

"खरं सांगा. नारळ आपसूक उभा ऱ्हातो व्हय?"

"अंगठ्यानं रेटावा लागतो," कानिफनाथ म्हणाले. "चाळीस वर्सं रेटतोय." त्यांनी उंबऱ्यावर नारळ आपटला. दोन भकलं झाली. एक त्यांनी बायकोपुढे केलं.

"मंग इहीर कशी घावली?"

"तौसीफला इचारलं, इमान यायच्या आदी बाया पान्याला कुठं जायच्या? पोराचं तोंडच उतरलं. झाडासकट समदं सांगितलं त्यानं."

"आन अमृतला शंका न्हाई आली? तौसीफ बी तिथलाच की."

"ऐंशी डंपर हायती तिथं. साहेबाला डंपर दिसतो, डायवर न्हाई दिसत." कानिफनाथांनी खोबऱ्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "त्या इहिरीत पयला डंपर तौसीफनंच रिकामा केला."